गिझर २००० वॉटचा, हिशोब आला १७०० चा: दुकानदाराने फसवलं का?

आधी उत्तर देतो, मग हिशोब. दुकानदाराने फसवलेलं नाही, गिझर २००० वॉटचाच आहे. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांत अजून एक गोष्ट दिसतेय, ती तुम्ही विचारलेलीच नाही आणि मला तिचीच जास्त काळजी वाटतेय. तिच्यावर येतोच.

तुमचे प्रश्न थोडक्यात असे. नवीन १५ लिटरचा गिझर, पाटीवर २३० व्होल्ट २००० वॉट लिहिलेलं. सॉकेटवर मल्टीमीटर लावला तर गिझर बंद असताना २२७ व्होल्ट, चालू केल्यावर २१२, आणि क्लँप मीटरवर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजतात तो) ८ अँपिअर. २१२ गुणिले ८ केलं तर १६९६ वॉट येतात, मग उरलेले तीनशे वॉट गेले कुठे? आणि दुसरा प्रश्न गावाकडच्या विहिरीवरच्या ५ एचपी मोटरचा, की व्होल्टेज पडलं की गिझरचा करंट कमी होतो पण मोटरचा वाढतो, मग ओहमचा नियम (करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स) तिथे लागत नाही का.

गिझरचं बघू. रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, काढायचा म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, बस. २१२ भागिले ८, आले २६.५ ओहम. आता हेच पाटीवरच्या आकड्यांवरून काढा. २००० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपिअर, आणि २३० भागिले ८.७ म्हणजे साधारण २६.४ ओहम. किंवा करंटच्या भानगडीत न पडता सरळ व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट करा, २३० चा वर्ग ५२,९००, भागिले २०००, आले २६.४५. म्हणजे पाटी सांगते २६.४५ आणि तुमचं मोजमाप सांगतं २६.५, यापेक्षा जवळ साध्या क्लँप मीटरने येणारच नाही कारण तो मीटरच दोन-तीन टक्के इकडेतिकडे दाखवतो. एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कॉइल, बरोबर आहे, विषय संपला.

लोकांचा घोटाळा होतो तो इथे, की पाटीवरचे वॉट म्हणजे वस्तूचा कायमचा गुण असं समजतात. तसं नसतं हो. एलिमेंटचा गुण म्हणजे त्याचा रेझिस्टन्स, २६ ओहम, तो कंपनीने तार गुंडाळताना ठरवला. वॉट किती निघणार ते त्याला व्होल्टेज किती मिळतंय त्यावर ठरतं, आणि तेही वर्गाने ठरतं. व्होल्टेज कमी झालं की करंटही त्याच प्रमाणात कमी होतो आणि पॉवर म्हणजे दोघांचा गुणाकार, म्हणून मार दोन्हीकडून बसतो. २३० चे २१२ झाले म्हणजे व्होल्टेज फक्त ८ टक्के पडलं पण पॉवर १५ टक्के पडली. १८० व्होल्ट आले, जे आपल्याकडे खेड्यात संध्याकाळी सहज येतात, तर हाच गिझर १२२५ वॉटवर येतो. वस्तू तीच, पाटी तीच.

कारखान्यातून निघताना पण गरम करणाऱ्या सामानाच्या वॉटमध्ये साधारण ५ टक्के जास्त आणि १० टक्के कमी इतकी सूट असते. म्हणजे २००० च्या पाटीखाली १८०० पासून २१०० पर्यंत काहीही निघू शकतं आणि ते नियमातच बसतं, ओहममध्ये सांगायचं तर २५ ते साडे एकोणतीस. तुमचा २६.५ मस्त मध्ये आहे. ३५ आला असता तर मी म्हटलं असतं जा आणि बदलून घ्या.

पाणी तापायला किती फरक पडतो तेही सांगून टाकतो. १५ लिटर पाणी २५ डिग्रीवरून ६० वर न्यायला साधारण २२ लाख ज्यूल लागतात, म्हणजे ०.६१ युनिट. २००० वॉटने १८ मिनिटं, तुमच्या १७०० ने साडेएकवीस मिनिटं, १२२५ ने अर्धा तास. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता यात धरलेली नाही. युनिट जवळपास तेवढेच पडतात, फक्त वेळ जास्त लागतो, त्यामुळे व्होल्टेज कमी म्हणून बिल कमी येईल या आशेवर राहू नका.

आता ती काळजीची गोष्ट. गिझर बंद असताना २२७ आणि चालू केल्यावर २१२. पंधरा व्होल्ट! हे पंधरा व्होल्ट कुठेतरी खर्च होतायत आणि ते गिझरमध्ये होत नाहीयेत. ८ अँपिअर ज्या वायरीतून, जॉइंटमधून, स्विचमधून, सॉकेटमधून जातायत तिथे कुठेतरी ते पडतायत. त्याच नियमाने काढा की, १५ भागिले ८, म्हणजे जवळजवळ १.९ ओहम. आणि तिथे जळणारी पॉवर १५ गुणिले ८ म्हणजे १२० वॉट. गिझर चालू असतो तेवढा वेळ १२० वॉट तुमच्या भिंतीत किंवा बोर्डात किंवा खांबावरून घरी येणाऱ्या सर्व्हिस वायरमध्ये उष्णता होऊन जातायत.

हे जास्त आहे का? तर हिशोब करू. घरात गिझरला अडीच एमएमची (म्हणजे तारेचा छेद अडीच चौरस मिलिमीटर) वायर असेल तर तांब्याच्या अडीच एमएम लवचिक वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ८ ओहम असतो. मेन बोर्डापासून बाथरूम २० मीटर धरा, फेज जाताना २० आणि न्यूट्रल येताना २०, असे ४० मीटर धरायचे, बरेच जण फक्त जायचं अंतर धरतात ते चुकतं. ४० मीटरचे ०.३२ ओहम, ८ अँपिअरला अडीच व्होल्ट. एवढं पडणं ठीक आहे. कोणी पैसे वाचवायला १ एमएम ओढली असेल तर किलोमीटरला साडेएकोणीस ओहम, ४० मीटरचे ०.७८, सव्वासहा व्होल्ट. म्हणजे अगदी बारीक वायर असली तरी पंधरा व्होल्टचा हिशोब लागत नाही. कुठेतरी जॉइंट ढिला आहे, किंवा सॉकेटची पकड गेलीय, किंवा खांबावरून येणाऱ्या वायरमध्ये दोष आहे.

आणि वायरीतला ड्रॉप, म्हणजे तिथे पडणारं व्होल्टेज, आणि जॉइंटमधला ड्रॉप यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण वायरीत ती उष्णता ४० मीटरवर पसरते, हाताला कळतही नाही, पण जॉइंटमध्ये ती नखाएवढ्या जागेत होते. समजा सॉकेटमध्ये पिनची पकड ढिली होऊन तिथे फक्त अर्धा ओहम आलाय. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, ६४ गुणिले ०.५, झाले ३२ वॉट. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडचं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, ते कथील वितळवतं, आणि इथे ३२ वॉट प्लॅस्टिकच्या सॉकेटच्या आत बसलेत. पिन काळी पडते, मग पितळ ऑक्साइड होतं, मग रेझिस्टन्स अजून वाढतो, मग उष्णता अजून. गिझरचे पिवळे-तपकिरी झालेले पिन टॉप आणि वितळलेले १६ अँपिअरचे सॉकेट बघितले नसतील असा एकही वायरमन नसेल. एमसीबी यात पडत नाही हे लक्षात घ्या, कारण करंट वाढलेलाच नाही, उलट कमी झालाय. एमसीबीला सगळं ठीकच दिसतंय.

म्हणून हा ड्रॉप कुठे आहे ते शोधा, आणि शोधताना मेन बोर्ड उघडून त्यात प्रोब घालायला जाऊ नका, ते काम लायसनवाल्या वायरमनचं. तुम्ही बिनधोक करू शकता ते सांगतो. आधी गिझर अर्धा तास चालवा, बंद करा, स्विच बंद करून पिन टॉप काढा आणि पिनांना हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर तिथेच गोष्ट आहे. मग घराच्या वीज मीटरच्या डिस्प्लेकडे बघा, काही इलेक्ट्रॉनिक मीटरवर व्होल्टेज आणि करंटचे आकडे फिरून फिरून येतात. गिझर बंद असताना तिथे किती, चालू असताना किती, लिहून घ्या. मीटरवर पण २२७ चे २१३-१४ झाले तर दोष तुमच्या घरात नाही, बाहेरच्या बाजूला आहे, वीज कंपनीकडे तक्रार द्या आणि सर्व्हिस वायर, खांबावरचा जॉइंट, खासकरून न्यूट्रल बघायला सांगा. मीटरवर २२७ चे २२५ च झाले आणि सॉकेटवर २१२, तर सगळं घरात आहे आणि मग आजच वायरमन बोलवा, उद्या नाही. हे मोजमाप तीन-चार वेळा करा कारण शेजाऱ्याने त्याच क्षणी काहीतरी चालू केलं तरी व्होल्टेज हलतं.

मीटर आकडे दाखवत नसेल तरी एक युक्ती आहे आणि मला स्वतःला ती फार आवडते. मीटरवर एक लाल लाइट लुकलुकत असते, शेजारी लिहिलेलं असतं एका युनिटला किती झबके, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, तुमच्यावर काय लिहिलंय ते बघा. ३२०० असेल तर एक झबका म्हणजे ३६ लाख भागिले ३२००, ११२५ ज्यूल. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रीज, वायफायसुद्धा, फक्त गिझर चालू ठेवा आणि मोबाइलवर ५० झबक्यांना किती सेकंद लागतात ते मोजा. ड्रॉप जर मीटरच्या बाहेर असेल तर मीटरला फक्त गिझरचे १६९६ वॉट दिसतील आणि ५० झबक्यांना ३३ सेकंद लागतील. ड्रॉप घरात असेल तर मीटरला गिझर अधिक ते १२० वॉट, म्हणजे १८१६ दिसतील आणि ३१ सेकंदात ५० होतील. दोन सेकंदांचा फरक आहे, चार-पाच वेळा मोजलं तर पकडता येतो. बिलाच्या दृष्टीने ते १२० वॉट म्हणजे एका अंघोळीला ०.०४ युनिट, पैशाने काहीच नाही. प्रश्न पैशाचा नाहीच, आगीचा आहे.

रेझिस्टन्स सरळ मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर का नाही मोजायचा असं पण काही जण विचारतात. एलिमेंटचा मोजा, जरूर मोजा, पण पिन टॉप सॉकेटमधून पूर्ण काढून, फेज आणि न्यूट्रलच्या दोन पिनांमध्ये. चालू लाइनवर ओहमची रेंज कधीही लावायची नाही. पाणी गरम असेल तर थर्मोस्टॅट (पाणी तापलं की लाइन तोडणारा स्विच) उघडलेला असतो आणि मीटर ओपन, म्हणजे तार तुटल्यासारखं, दाखवतो, मग लोक म्हणतात कॉइल गेली, गेलेली नसते, पाणी गार होऊ द्या. गिझरच्या तारेचा रेझिस्टन्स गार आणि गरम यात थोडाच बदलतो म्हणून तुमचं चालून जातं, पण जुन्या १०० वॉटच्या पिवळ्या बल्बला हे लावू नका, तो गार असताना ४० ओहमच्या आसपास दाखवतो आणि पेटल्यावर ५२९ असतो. आणि त्या ढिल्या जॉइंटचा अर्धा ओहम ओहम रेंजवर मिळणारच नाही, कारण मीटरच्या प्रोबच्या वायरीच ०.२-०.३ ओहम खातात आणि मीटर जो करंट सोडतो तो इतका बारीक असतो की ढिला जॉइंट त्याला चांगलाच वाटतो. लहान रेझिस्टन्सला खरा लोड लावायचा, त्याच्यावरचा ड्रॉप मोजायचा आणि करंटने भागायचं, दुसरा रस्ता नाही.

ज्याच्या नावाने हा नियम आहे त्या गेऑर्ग ओहमने स्वतः हे भोगलंय. तो जर्मनीत कलोनला शिकवायचा, सुरुवातीचे प्रयोग त्याने त्या काळच्या रासायनिक बॅटरीवर केले आणि करंट घेतला की बॅटरीचं व्होल्टेजच पडायचं, आकडे जुळेनात. मग त्याने थर्मोकपल (दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाने व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी) घेतलं, एक टोक उकळत्या पाण्यात, एक बर्फात, म्हणजे व्होल्टेज अगदी स्थिर, आणि तेव्हा कुठे नियम हाती लागला, १८२७ मध्ये पुस्तक आलं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी, एकाच जागी, लोड चालू असताना मोजा. तुम्ही २२७ गुणिले ८ केलं असतं तर उत्तर १८१६ आलं असतं आणि रेझिस्टन्स २८.४, दोन्ही चुकीचे. तुम्ही २१२ घेतलं, बरोबर केलं.

मोजण्याबद्दल अजून दोनच गोष्टी. क्लँप फक्त एका वायरीभोवती लावायचा, पूर्ण केबलभोवती लावला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकाला खातात आणि शून्य दाखवतो. करंट अगदी कमी असेल, पंख्यासारखा, तर वायरचे पाच फेरे क्लँपमधून घ्या आणि आकड्याला पाचने भागा. आणि मल्टीमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून तो चुकूनसुद्धा सॉकेटमध्ये घालायचा नाही. त्या भोकात मीटर म्हणजे नुसती जाड तार असते, ती फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडली की सरळ शॉर्ट, हातातच भडका उडतो, स्वस्तातल्या मीटरला तर त्या बाजूला धड फ्यूजही नसतो. करंटला क्लँपच वापरा.

पंखा, फ्रीज, एलईडी यांना मात्र व्होल्टेज गुणिले करंट करून वॉट म्हणू नका. तिथे पॉवर फॅक्टरने (खरे वॉट या गुणाकाराच्या किती पट आहेत तो आकडा) गुणावं लागतं, गुणाकार नुसता केला तर व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर येतात, वॉट नाही. घरगुती मीटर खरे वॉट मोजतं, म्हणून क्लँपवरून काढलेलं बिल नेहमी जास्त येतं आणि जुळत नाही. गिझर, इस्त्री, शेगडी, यांनाच सरळ गुणाकार चालतो.

आता विहिरीवरची मोटर. ओहमचा नियम तिथेही मोडत नाही, फक्त मोटर म्हणजे नुसता रेझिस्टन्स नाही. मोटरच्या वायंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, ओहम रेंज लावा, जेमतेम काही ओहम दाखवेल. त्याने थ्री फेजच्या ४१५ व्होल्टला भागलं तर करंट शेकड्याच्या घरात येतो, आणि तेवढा करंट मोटर कधीच घेत नाही. कारण फिरत असताना मोटर आतून स्वतः उलटं व्होल्टेज तयार करते आणि बाहेरून आलेल्या व्होल्टेजला अडवून धरते. वायंडिंगच्या रेझिस्टन्सच्या वाट्याला येतं ते उरलेलं थोडंसं. तिथे त्या थोड्याशाला नियम लागतोच, पण तो आपल्याला बाहेरून दिसत नाही.

आणि मोटरचं काम ठरलेलं असतं. विहिरीतून तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचंय, पंप जवळपास त्याच स्पीडने फिरतोय, त्यामुळे ती जवळपास तेवढीच पॉवर मागत राहते. ५ एचपी म्हणजे शाफ्टवर ३७३० वॉट, मोटरमधलं नुकसान धरून आत साधारण साडेचार किलोवॅट जातात. थ्री फेजला पॉवर म्हणजे १.७३२ गुणिले व्होल्टेज गुणिले करंट गुणिले पॉवर फॅक्टर. ४१५ व्होल्ट आणि पॉवर फॅक्टर ०.८३ धरला तर करंट येतो साडेसात अँपिअर, आपले मोटरवाले जे म्हणतात ना एचपीला दीड अँपिअर, ते इथूनच आलंय. आता डीपीवर, म्हणजे शिवाराच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड आलाय, सगळ्या शिवाराच्या मोटरी एकदम चालू आहेत, व्होल्टेज ३४० झालं. पॉवर तेवढीच पाहिजे, मग करंट सव्वानऊ. गिझरला व्होल्टेज कमी मिळालं तर तो निमूट कमी तापतो, मोटर तसं करत नाही, ती ओढून घेते.

आणि वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. साडेसातचे सव्वानऊ झाले म्हणजे करंट सव्वापट पण झाला नाही, उष्णता मात्र दीडपट झाली. ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास हे वर्गाचं प्रमाण मोजून दाखवलं आणि आजही दर उन्हाळ्यात ते वायंडिंगच्या दुकानात रांगेने पडलेल्या मोटरींवर दिसतं. त्यात स्टार्टिंगचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, ३४० ला दोन तृतीयांशच राहतो, म्हणून मोटर नुसती घुं घुं करते आणि उठत नाही, आणि त्या अवस्थेत उलटं व्होल्टेज तयार होत नसल्यामुळे करंट पाच-सहा पट असतो. एक-दोन मिनिटांत इन्सुलेशनचा वास यायला लागतो.

केबलचंही बघा. स्टार्टरपासून विहीर ३०० मीटर असेल आणि तांब्याची अडीच एमएम टाकली असेल तर एका कोअरचे सव्वादोन ओहम, तिन्ही कोअर मिळून साडेसात अँपिअरला ३७५ वॉट नुसत्या केबलमध्ये. ४ एमएम टाकली तर २३० च्या आसपास. डीपीवरचं व्होल्टेज आपल्या हातात नाही, केबल आहे. सव्वानऊ अँपिअरला तर अडीच एमएममध्ये साडेपाचशेच्या वर जातात, म्हणजे ज्या दिवशी व्होल्टेज कमी त्याच दिवशी केबल पण जास्त खाते.

म्हणून विहिरीवर मोटर चालू असताना तिन्ही फेजमधले व्होल्टेज आणि तिन्ही वायरीतला करंट घ्या, तीन आकडे एकमेकांच्या जवळ पाहिजेत. एक फेज फार कमी दिसला किंवा एका वायरीत करंट शून्य असेल तर मोटर लगेच बंद. व्होल्टेज साडेतीनशेच्या खाली असेल तर पाणी थांबवा, अंधार पडून लोड उतरला की चालवा. आणि स्टार्टरच्या ओव्हरलोड रिलेचा (करंट जास्त झाला की मोटर बंद करतो तो) नॉब मोटरच्या पाटीवर जे अँपिअर लिहिलेत तेवढ्यावरच ठेवा. मोटर सरळ लाइनवर चालू करणाऱ्या डीओएल स्टार्टरला हे सरळ आहे, मोटर आधी कमी व्होल्टेजवर उठवणारा स्टार-डेल्टा असेल तर रिले बहुतेक वेळा मोटरच्या एकेका वायंडिंगकडे जाणाऱ्या वायरीत असतो, तिथे पाटीच्या आकड्याला ०.५८ ने गुणून ठेवायचा. मोटर सारखी ट्रिप होते म्हणून नॉब पुढे फिरवून १० वर ठेवलेला मी शेतोशेती बघतो. रिले ट्रिप होतोय तो सव्वानऊ अँपिअर बघून होतोय, तो बरोबरच आहे, नॉब पुढे केला की मोटर जळेपर्यंत कोणी अडवणारं राहत नाही.

गिझर चालू-बंद असतानाचे मीटरवरचे आकडे काढलेत की इथे टाका, ड्रॉप घरात आहे की बाहेर ते लगेच सांगतो. तोपर्यंत गिझर कोणीतरी जवळ असतानाच लावा आणि पाणी तापलं की सॉकेटचा स्विच बंद करून पिन काढून ठेवा.